'हजर' नाटकाच्या नोंदी : १८ नोव्हेंबर ते १० फेब्रुवारी

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. २६ जानेवारीला गावात संध्याकाळी कार्यक्रम असतो, त्यात दरवर्षी डान्स होतात, यंदा वीस मिनिटांचं नाटक करायचं ठरवलं. कुणाला आपल्या शाळेत असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय. कुठल्याच मुलाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही.

१८ नोव्हेंबर

दिवाळी संपली आणि गाव अर्धं रिकामं झालं. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. दरवर्षी पोरंही आईबापाबरोबर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात, तोवर अर्धं वर्ष गेलेलं असतं. यंदा हंगामी वसतिगृहामुळे १९ मुलं मागं राहिलीत, सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत आणि झोपायला आजी-आजोबांकडं.

त्यातली एक सहावीतली मुलगी. वयाप्रमाणे सहावीत बसते, वाचन दुसरीच्या आसपास. जूनपासून मी तिचा आवाज दोनदा की तीनदा ऐकलाय. हजेरी घेताना नुसता हात वर करते, तोही कोपरापर्यंतच. मधल्या सुट्टीत हापशाजवळ उभी असते. पोरं तिला 'पाहुणी' म्हणतात, कारण येते आणि जाते. नाटकाचा विचार खरं तर तिच्यामुळेच डोक्यात आला. गप्प झालेलं एक लेकरू आणि ते परत कसं उभं राहतं, एवढाच विषय. नाव लगेच सुचलं, 'हजर'.

२२ नोव्हेंबर

स्क्रिप्ट लिहून झालं, तीन रात्री गेल्या. मुक्ता नावाची मुलगी उसाच्या फडावरून सहा महिन्यांनी शाळेत परत येते, पोरं चिडवतात, ती गप्प होते, एक मॅडम तिला समजून घेतात आणि शेवटी मुक्ता स्टेजवर शिक्षणावर भाषण करते आणि तिला बक्षीस मिळतं. एकटीनेच मोठ्याने वाचून टाईम लावला तर ३८ मिनिटं. तेव्हा वाटलं की कापू नंतर. (हे भाषण आणि बक्षीस पुढं दोन्ही काढून टाकलं, ते का ते खाली येईलच.)

मुक्ताचं काम तिलाच द्यायचं ठरवलं. माझा हिशोब असा की मेन रोल मिळाला की आत्मविश्वास येईल.

२६ नोव्हेंबर

पहिलं वाचन, आणि या सगळ्या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक. ११ मुलं गोल करून बसलेली. दुसऱ्या पानावर वर्गातली पोरं मुक्ताला म्हणतात, "आली बघा पाहुणी." हा शब्द मी मुलांच्या तोंडून ऐकलेला आणि खरा वाटावा म्हणून तसाच उचलून घातलेला. वाचणाऱ्या पोराने तो शब्द म्हटला आणि सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडं वळल्या. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट. तिने कागद खाली ठेवले, व्यवस्थित कडा जुळवून ठेवले, आणि उठून गेली.

मी तिला विचारलंच नव्हतं. तिची गोष्ट मी परस्पर घेतली, नाव बदललं म्हणजे झालं असं समजले.

२९ नोव्हेंबर

तीन दिवस शाळेत नाही, संध्याकाळच्या जेवणालाही नाही. आज घरी गेले. आजी म्हणाली, "मॅडम, तिला कुणी काय म्हणलं का? आल्यापासून गोधडीत तोंड घालून बसली, जेवंना गेली." मी खरं ते सांगितलं. आजी रागावली नाही, पण बराच वेळ काही बोललीही नाही.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले की माझं चुकलं, ते पान मी फाडलंय, आणि तुला नाटकात काम करायचं नसेल तर नको, फक्त शाळेत ये. ती काही बोलली नाही. निघताना पत्र्याच्या पेटीवर पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं तिचं शिक्षण हमी कार्ड दिसलं, दुसऱ्या गावातल्या शाळेत दाखवायला देतात ते. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

२ डिसेंबर

आली. मुक्ता आता दुसरी मुलगी करणार, ती धीट आहे. हिला मी विचारलं की प्रॉम्प्टिंग करशील का, म्हणजे कागद हातात धरायचा आणि कुणी वाक्य विसरलं तर हळू सांगायचं. मान हलवली. मला वाटलं बरं झालं, स्टेजच्या मागंच राहील, कुणी बघणार नाही.

५ डिसेंबर

दुसरी चूक. प्रॅक्टिस पाऊण तास चालली आणि तिच्या हातातला कागद पहिल्याच पानावर. तिला इतक्या वेगाने वाचताच येत नाही आणि ते मला माहीत होतं, तरी मी तिच्या हातात कागद दिला. सगळ्यांसमोर तिला जे येत नाही नेमकं तेच काम. कुणाच्या लक्षात आलं नाही हे नशीब.

कागद काढून घ्यावा तर तो पुन्हा अपमान, म्हणून आज काहीच केलं नाही.

९ डिसेंबर

आज जे झालं ते मी नुसतं बघितलं, केलं काहीच नाही. नाटकात मुकादमाचं, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याचं, काम करणारा सातवीतला मुलगा उचलीचा हिशोब सांगताना अडकला. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, ते ऊस तोडून टनावर फेडायचे. हे वाक्य लांब आहे, तो कायम तिथेच अडतो. माझं लक्ष सहज हिच्याकडं गेलं तर ओठ हलत होते. आवाज नाही, पण पूर्ण वाक्य, शब्दाला शब्द. मग मी पुढचा सगळा वेळ तिच्याच ओठांकडं बघत बसले. हिला आख्खं नाटक पाठ आहे, अकराच्या अकरा जणांची वाक्यं, नुसती ऐकून.

घरी जाताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून कागद नको, तुला लागत नाही तो." ती हसल्यासारखी झाली.

१३ डिसेंबर

फडाचा सीन घेतला. एका शेतकऱ्याने ३० ऊस दिले, फुकट. पोरं तोडल्याची ॲक्शन करतात, मग मोळी बांधून डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडं नेतात. मोळी बांधायला मी सुतळी दिलेली. बांधली की सुटायची, दोनदा ऊस पायावर पडले, एकाच्या अंगठ्याला लागलं. वीस मिनिटं यातच गेली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम, अशी नाय बांधत मोळी. वाढ्यानं बांधतेत."

ती स्वतःहून पुढं आली, उसाची हिरवी वाढी, म्हणजे शेंड्याचा पाला, दोन हातांत धरून पिळली, खालून घातली, गुडघ्याने दाबलं, एक गाठ. दहा सेकंद लागले असतील. उचलून आपटली तरी सुटेना.

आणि इथे मी तिसरी चूक केली. "टाळ्या वाजवा रे तिच्यासाठी!" सगळ्यांनी जोरात वाजवल्या आणि ती जागच्या जागी मिटली. ऊस तसेच टाकून भिंतीला जाऊन टेकली, पुन्हा मान खाली.

२० डिसेंबर

आठवडा झाला, एक शब्द नाही. ओठही हलत नाहीत. मुख्याध्यापक सरांशी बोलले. ते म्हणाले, त्या टाळ्यांतून तिला एवढंच ऐकू आलं असणार की ही आज बोलली, म्हणजे रोज बोलत नाही. मला ते पटलं. इतर कुणी मोळी बांधली असती तर मी टाळ्या वाजवायला लावल्या नसत्या, 'बरं झालं, चल पुढं' म्हटलं असतं.

मुलांना बसवून सांगितलं की प्रॅक्टिसमध्ये कुणालाच टाळ्या नाहीत, मलाही नाही. कुणाला काही सुचलं तर सांगायचं, बाकीच्यांनी करून बघायचं, जमलं तर ठेवायचं नाहीतर सोडून द्यायचं. बस.

२४ डिसेंबर

मुक्ता करणारी मुलगी मोळीला आली आणि सरळ हिला विचारलं, "गुडघा कुठं ठेवायचा गं?" हिने तिचा पाय धरून दाखवला. मग एकेक करत सगळे. कुणी काही बोललं नाही, मीही वहीत डोकं घालून बसले होते. तासाभरात सहा जणांना मोळी बांधता आली.

वाढी चार दिवसांत वाळतात आणि पिळताना तुटतात हे आज कळलं. ओल्या पोत्याखाली ठेवली तर दोन-तीन दिवस जास्त टिकतात, हेही तिनेच सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, पोतं भिजवून आणून टाकलं.

२८ डिसेंबर

आजच्या दिवसाने नाटक बदललं. आई-बाप मुक्ताला आजीकडं सोडून फडावर निघतात तो सीन. मी आईला खूप रडायला लावलेलं, पदर डोळ्याला, गळ्यात पडणं, सगळं. ती कोपऱ्यातून म्हणाली, "आई रडत नसती मॅडम. तवा ती बोचकं बांधायली असती."

मी विचारलं, मग रडतं कोण? जरा वेळ गेला. "कुणीच नाय. गाडी हालल्यावर."

तसंच करून बघितलं. आई पाठमोरी बसून बोचकं बांधतेय, पातेलं त्यात घालतेय, काढतेय, पुन्हा घालतेय, मुक्ता उंबऱ्यात उभी, दोघी एक शब्द बोलत नाहीत. बाप बाहेरून दोनदा हाक मारतो. पूर्ण दोन पानांचे संवाद गेले. खोलीत एकदम शांतता झाली. मी तीन रात्री जागून लिहिलेलं सगळं त्या पातेल्यापुढं काहीच नव्हतं.

सुटल्यावर ती मागं थांबली. 'पाहुणी' शब्दाबद्दल तिच्या घरी गेले त्या दिवसानंतर मी काही बोललेच नव्हते. ती म्हणाली, "तिकडं मला बीडची म्हणतेत." कारखान्याजवळच्या शाळेत. म्हणजे तिकडं बीडची, इकडं पाहुणी. मी विचारलं, हे नाटकात घालू का, तू नको म्हणालीस तर नाही घालणार. म्हणाली, उद्या सांगते.

२९ डिसेंबर

"घाला. दोन्ही घाला." मग जरा थांबून, "पण म्हणणाऱ्याला मोठ्यानं म्हणू द्या, हळू म्हणलं की जास्त लागतंय."

शेवटचं भाषण आणि बक्षीस काढलं. आता शेवट हजेरीवर. आधी तिकडच्या शाळेची हजेरी, मग इकडची, दोन्हीकडं मुक्ताचा नंबर येतो आणि पुढचा नंबर लगेच घेतला जातो, कुणी उत्तराची वाटच बघत नाही. शेवटच्या हजेरीला मॅडम थांबतात. बस, थांबतात. लांबी आता २३ मिनिटं.

४ जानेवारी

सामानाचं. कोयते आधी पुठ्ठ्याचे केले, चंदेरी कागद लावून. दोन प्रॅक्टिसमध्ये वाकले. खरे कोयते पोरांच्या हातात द्यायचा प्रश्नच नाही. सुताराकडून प्लायचे कापून घेतले, कडा घासून गोल केल्या, रंग दिला. आधीच हे केलं असतं तर पैसे वाचले असते.

कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, बांबू आणि खऱ्या पाचटाची (उसाच्या वाळक्या पाल्याची) केली, दिसायला फार सुंदर झाली. संध्याकाळी लाईट लावून बघायला भाड्याने आणलेले ५०० वॉटचे दोन हॅलोजन लावले आणि दहा मिनिटांत जळका वास. पाचट गरम होऊन करपायला लागलं होतं, हॅलोजनपासून हातभर अंतरावर. ताबडतोब बंद केलं. पोरं जवळच उभी होती, आठवलं तरी अंगावर काटा येतो. नाटकात पाचट, गवत, कडबा वापरणार असाल तर हॅलोजन आणूच नका. एलईडी फ्लड घेतले, ते फारसे तापत नाहीत, तरी पाचट काढून टाकलं आणि जुन्या साड्या अन् गोणपाट बांबूवर टाकलं. खऱ्या कोप्यांवरही फाटक्या साड्या असतातच.

११ जानेवारी

माईक. साऊंडवाल्याकडून एक कॉलर माईक आणला, मुक्ताला लावायला. कपड्यावर घासून नुसती खरखर, आणि मुक्ताच तेवढी मोठ्याने ऐकू येते, बाकीचे दहा विहिरीतून बोलल्यासारखे. सीनमध्ये माईक एकमेकांना द्यायचा प्रयत्न केला तर संवादच बंद पडले. परत केला.

शेवटी दोन साधे माईक स्टेजच्या पुढच्या कडेला बुटक्या स्टँडवर, खाली फोमचा तुकडा, म्हणजे पायांचा धप्प आवाज येत नाही. तरी शिट्टी वाजत होती. स्पीकर माईकच्या मागं ठेवलेले, ते पुढं प्रेक्षकांच्या बाजूला नेले आणि तोंड माईककडून फिरवलं, थांबली. यात दोन संध्याकाळी गेल्या. पोरांना एकच सांगितलं, बोलताना बोलायच्या माणसाकडं अर्धं आणि लोकांकडं अर्धं तोंड.

१९ जानेवारी

पूर्ण रन, न थांबता, २४ मिनिटं. मुकादम अजून उचलीच्या वाक्यावर अडतो. ती विंगेतून सांगते, पण इतकं हळू की तो ऐकायला मागं वळून बघतो. मी तिला मोठ्याने सांग म्हटलं नाही, त्याला विंगेच्या दोन पावलं जवळ उभं केलं.

२६ जानेवारी

रात्री पावणेआठला सुरू. समोर जास्त करून म्हातारी माणसं आणि बारकी पोरं, कारण तरणी माणसं फडावर. बोचक्याच्या सीनला पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. तिची आजीही होती, तिसऱ्या रांगेत.

मुकादम अडकला. ठरल्याप्रमाणे विंगेजवळच होता, पण मागं जनरेटर सुरू झालेला, त्यामुळं तिचा पहिला आवाज त्याला पोचला नाही. दुसरा पण नाही. मी पलीकडच्या विंगेत, काहीच करू शकत नव्हते. मग तिने ते वाक्य पूर्ण आवाजात म्हटलं. माईकनेही धरलं असणार, कारण समोरच्यांनी विंगेकडं बघितलं. मुकादमाने उचललं आणि नाटक पुढं गेलं. ती पुन्हा पडद्याला टेकून उभी, ओठ पुढच्या वाक्यावर.

शेवटच्या हजेरीला आम्ही असं बसवलं होतं की मॅडम थांबतात, मुक्ता गप्पच राहते, आणि पडद्यामागून सगळी पोरं एकापाठोपाठ एक 'हजर' म्हणतात, आपापल्या नंबरने. मी मागं उभी राहून ऐकत होते. तिचा आवाज त्यात कुठला ते मला ओळखू आलं नाही, अंधार होता, आणि मी शोधायचाही प्रयत्न केला नाही. मोजले तेवढे बरोबर होते.

३० जानेवारी

व्हिडिओ तिच्या वडिलांच्या मोबाईलवर पाठवला. कोपीवर रेंज नाही, कुणीतरी कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन डाऊनलोड केला, त्यात तीन दिवस गेले. आज आईचा फोन आला माझ्या नंबरवर. नाटक दोनदा बघितलं म्हणाली, मग विचारलं, "मॅडम, ह्याच्यात आमची कुठंय? दिसंना गेली." मी फोन तिच्याकडं दिला. ती वऱ्हांड्याच्या टोकाला गेली आणि पाठ करून बोलायला लागली. "आगं मुकादम इसरतो बघ, तवा मागून कोण सांगतंय? मीच. परत लाव." अकरा मिनिटं बोलली. मी वर्गात जाऊन बसले.

३ फेब्रुवारी, हिशोब

झेरॉक्स ३१०, प्लायचे कोयते ६ नग ३६०, रंग-ब्रश १८०, एलईडी फ्लड २ नग ९००, बांबू-सुतळी २४०, चहा-बिस्किटं ६५०. वाया गेलेले : हॅलोजन भाडं ४००, पुठ्ठा आणि चंदेरी कागद १५०, कॉलर माईक भाडं ८००. एकूण ३,९९०, त्यातले १,३५० वाया. स्टेज आणि साऊंड गावच्या कार्यक्रमातलंच, त्याचा खर्च यात नाही. प्रॅक्टिस रोज ४ ते सव्वापाच, त्यापुढं थांबवू नका, पोरांना शेरडं घरी आणायची असतात. माझ्या चुकांमुळं अख्खे दोन आठवडे गेले, ते कुठल्या रकान्यात लिहू कळत नाही.

१० फेब्रुवारी

कुणी विचारेल म्हणून लिहिते, हजेरीला ती अजून बरेचदा हातच वर करते. कधी हजर म्हणते, कधी नाही. मधल्या सुट्टीत मात्र हापशाजवळ नसते, मोळी शिकायला आलेल्या त्या चौघींबरोबर असते. 'पाहुणी' मागच्या महिन्यात एकदा ऐकू आलं, मुकादमानेच त्या पोराला गप्प केलं.

एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती. नाटकाचे कागद तिने मागून घेतले. सगळी वाक्यं पाठ आहेतच, त्यामुळं ती बोट ठेवून म्हणते आणि अक्षर बघते, पाठ असलेला शब्द कागदावर कसा दिसतो ते शोधते. सहा महिन्यांत बालभारतीच्या पुस्तकावर जे झालं नाही ते या फाटक्या झेरॉक्सवर होतंय. रोज जेवणाआधी पंधरा मिनिटं दोघी बसतो. चार पानं झाली. आज पाचव्यावर 'ट्रॅक्टर'ला अडली, दोन जोडाक्षरं आहेत त्यात. शब्द काय आहे ते माहीत होतं, पण मला सांगू दिलं नाही, म्हणाली, "थांबा मॅडम, मीच काढते." घंटा झाली तरी बोट तिथेच होतं, तसंच पान दुमडून घेऊन गेली.